कोड न लिहिता वेबसाइट: व्हिज्युअल एडिटर काय करतो आणि काय करत नाही

'आमच्या घरगुती निवासासाठी वेबसाइट करून दे' असं चॅटजीपीटीला सांगितलं की तो मिनिटभरात शे-दोनशे ओळी समोर टाकतो. कोनी कंस, इंग्रजी शब्द, मध्येच आपलं मराठी. खाली सूचना असते की ही फाइल सेव्ह करा आणि ब्राउझरमध्ये उघडा. बहुतेकांचं गाडं इथंच अडतं. कशात सेव्ह करायची? उघडली तर माझ्याच लॅपटॉपवर दिसते, पुण्यातल्या पाहुण्यांना कशी दिसणार? आणि मे महिन्यात खोलीचं भाडं बदललं तर या ओळींच्या गर्दीत तो एक आकडा शोधायचा कुठं?

निदान या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तीसेक वर्षांपासून तयार आहे. त्याचं नाव व्हिज्युअल एचटीएमएल एडिटर. वर्डमध्ये पत्र लिहावं तसं पान लिहायचं, कोड तो मागे लिहितो. हे खरं आहे. मात्र त्यातून जो समज होतो की कोडशी आपला संबंधच येणार नाही, तो पहिल्याच आठवड्यात महागात पडतो. फोटो गायब होतात, मराठीचे चौकोन होतात, फोनवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात. या सगळ्यांचं कारण एकच असतं. पडद्यावर दिसलेलं पान आणि फाइलीत लिहिलेलं पान वेगळं असतं, आणि लोकांपर्यंत जाते ती फाइल.

उदाहरणाला दापोली तालुक्यातलं, हर्णैजवळचं एक घरगुती निवास घेऊ. चार खोल्या, माशांचं जेवण, समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. पानं तीनच: पहिलं ओळखीचं, दुसरं खोल्या आणि जेवणाचं, तिसरं 'कसं यायचं'. पहिल्या साइटला याहून जास्त पानं घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

## फाइलीत असतं काय

वेबपान म्हणजे साधी मजकुराची फाइल. नोटपॅडमध्येही उघडते. तिच्यात आपला मजकूर असतो आणि त्याच्याभोवती खुणा असतात: इथं शीर्षक सुरू झालं, इथं संपलं, हा परिच्छेद, या जागी अमुक फोटो लावा, या शब्दांवर बोट ठेवलं की त्या पानावर जा. या खुणांना टॅग म्हणतात आणि खुणा करण्याच्या पद्धतीला एचटीएमएल. रंग, अक्षरांचा आकार, समास, मोकळी जागा हे सगळं सांगायची भाषा वेगळी आहे, ती सीएसएस. क्रोम, फायरफॉक्स, सफारी हे ब्राउझर दोन्ही वाचतात आणि पान पडद्यावर उभं करतात.

फोटो या फाइलीत नसतो. फाइलीत असतो तो फक्त फोटोचा पत्ता. पुढे निम्मा गोंधळ यातूनच होणार आहे.

व्हिज्युअल एडिटर तुम्हाला तयार पानासारखं दिसणारं काहीतरी दाखवतो. तुम्ही टाइप करता, बटणं दाबता, फोटो ओढून आणता. तो दर वेळी फाइलीत योग्य वाटतील त्या खुणा लिहितो. 'योग्य वाटतील' असं मुद्दाम म्हटलं, कारण तुमच्या मनात काय होतं ते त्याला कळत नाही, कुठलं बटण दाबलं एवढंच कळतं.

## ही कल्पना वेबइतकीच जुनी आहे

जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली पहिला ब्राउझर लिहिला. तो एडिटरही होता. पान वाचता वाचता तिथंच बदलता येत असे, दुवा जोडता येत असे. वाचणं आणि लिहिणं एकाच खिडकीत व्हावं ही मूळ कल्पना. मात्र तो नेक्स्ट नावाच्या महागड्या संगणकावरच चालायचा. वेब सर्वसामान्यांपर्यंत गेलं ते १९९३ च्या मोझेक ब्राउझरमुळे, आणि मोझेकमध्ये पान फक्त वाचता यायचं. तेव्हापासून वाचणारे आणि लिहिणारे वेगळे झाले.

लिहिण्याची सोय परत आली ती वेगळ्या सॉफ्टवेअरच्या रूपानं. व्हर्मीर नावाच्या कंपनीनं १९९५ मध्ये फ्रंटपेज काढलं. मायक्रोसॉफ्टनं १९९६ च्या जानेवारीत ती कंपनीच घेतली. नेटस्केपनं ब्राउझरसोबत कंपोझर दिला. १९९७ च्या डिसेंबरात मॅक्रोमीडियाचं ड्रीमवीव्हर आलं, जे पुढे अडोबीकडे गेलं. फ्रंटपेजची तर जाणकारांत चेष्टाच व्हायची, कारण चार ओळींच्या मजकुरासाठी ते पानभर खुणा लिहायचं. व्हिज्युअल एडिटर बदनाम झाले ते तेव्हापासून. ती बदनामी थोडी खरी होती आणि थोडी कोड लिहिता येणाऱ्यांचा तोरा होता.

## आज कुठला घ्यावा

ढोबळमानानं तीन वाटा आहेत.

पहिली, आपल्या संगणकावर चालणारा एडिटर. फाइल आपल्याकडे, इंटरनेट नसलं तरी काम चालू. नेटस्केपच्या कंपोझरचा वारस आजही सीमंकी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मिळतो. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर. दिसायला तो जुनाट आहे. पैसे देणार असाल तर ड्रीमवीव्हर, पाइनग्रो वगैरे आहेत. तीन पानांसाठी देऊ नका.

दुसरी वाट म्हणजे ब्राउझरमध्येच चालणारे साइट-बिल्डर: गूगल साइट्स, विक्स वगैरे. सगळ्यात झटपट काम यांत होतं. साइट मात्र त्यांच्या घरात राहते. विक्सवर बांधलेली साइट उचलून दुसऱ्या सर्व्हरवर (साइटच्या फाइली लोकांना पुरवणाऱ्या, सतत चालू असलेल्या संगणकावर) नेता येत नाही, हे विक्स स्वतःच सांगतं.

तिसरी वाट वर्डप्रेस. २००३ पासून आहे आणि २०१८ च्या डिसेंबरपासून त्यात तुकडे रचत पान करायचा एडिटर आला. ज्याला दर आठवड्याला नवं काही लिहायचं आहे त्याच्यासाठी उत्तम. पण वर्डप्रेसला डेटाबेस, म्हणजे मजकूर साठवणारं वेगळं सॉफ्टवेअर लागतं, अपडेट लागतात, आणि अपडेट न केलेल्या साइटवर घुसखोरी होते. वर्षातून दोनदा भाडं बदलणाऱ्याला एवढा संसार नको.

शिकायचं असेल तर पहिली वाट धरा. खाली उदाहरणं सीमंकी कंपोझरची आहेत, पण अडचणी सगळीकडे त्याच येतात.

## आधी फोल्डर, मग पान

एडिटर उघडायच्या आधी एक फोल्डर करा आणि साइटचं सगळं त्यातच ठेवा. आत 'फोटो' या अर्थाचं, पण इंग्रजी नावाचं दुसरं फोल्डर. नावं इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा नको, हवी तर आडवी रेघ. हा नुसता टापटिपीचा आग्रह नाही. विंडोजला फाइलीच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर सारखंच वाटतं. बहुतेक वेब सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि लिनक्सला ती दोन वेगळी नावं वाटतात. कॅमेऱ्यानं फोटोच्या नावाचं शेपूट कॅपिटलमध्ये दिलं आणि पानात ते लहान अक्षरांत लिहिलं गेलं, तर तुमच्या लॅपटॉपवर फोटो दिसेल आणि सर्व्हरवर दिसणार नाही. अशी चूक डोळ्यांनी सापडायला तासन्‌तास लागतात.

पहिल्या पानाच्या फाइलीचं नाव 'इंडेक्स' ठेवायचं, पुढे टिंब आणि एचटीएमएल. नुसता साइटचा पत्ता टाकला की सर्व्हर याच नावाची फाइल शोधतो.

आता एडिटरमध्ये कोरं पान घ्या आणि एक अक्षरही न लिहिता आधी ते या फोल्डरात सेव्ह करा. का, ते फोटोंच्या भागात कळेल.

## मोठी अक्षरं म्हणजे शीर्षक नव्हे

सगळ्यांची पहिली कृती ठरलेली असते. निवासाचं नाव लिहायचं, निवडायचं, अक्षरं मोठी करायची, ठळक करायची, रंग द्यायचा. पडद्यावर ते झकास शीर्षक दिसतं. फाइलीत मात्र लिहिलं गेलं: 'मोठ्या, ठळक, निळ्या अक्षरांचा परिच्छेद'. शीर्षक कुठंच नाही.

फरक काय पडतो? अंध व्यक्ती पान ऐकते तेव्हा स्क्रीन रीडर तिला एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारू देतो. इथं उडी मारायला काही नाही. पान कशाबद्दल आहे हे ठरवताना गूगल शीर्षकाच्या खुणेकडे पाहतो. ती इथं नाही. आणि तुमचाच तोटा असा की उद्या सगळी शीर्षकं हिरवी करायची म्हटलं तर प्रत्येक ठिकाणी जाऊन रंग बदलावा लागेल. खरी शीर्षकं असती आणि तिन्ही पानांना एकच सीएसएस फाइल जोडलेली असती, तर तिच्यातली एक ओळ बदलून तिन्ही पानांवर काम झालं असतं.

म्हणून रंगपेटीला हात लावण्याआधी कंपोझरच्या वरच्या पट्टीतली ती यादी शोधा, जिच्यात पॅराग्राफ, हेडिंग १, हेडिंग २ असे पर्याय असतात. निवासाचं नाव हेडिंग १, पानावर एकदाच. 'खोल्या', 'जेवण', 'आसपास काय पाहाल' हे हेडिंग २. बाकी पॅराग्राफ. याच यादीत 'बॉडी टेक्स्ट' निवडलेलं असेल तर एंटर दाबून नवा परिच्छेद होत नाही, नुसती ओळ तुटते. अंतर तेवढंच दिसावं म्हणून मग माणूस दोनदा एंटर मारतो, आणि फाइलीत परिच्छेदांऐवजी ओळी तोडणाऱ्या खुणांची माळ लागते.

तसंच स्पेसबारचं. एचटीएमएलमध्ये सलग दहा जागा सोडल्या तरी ब्राउझर एकच धरतो. ते पाहून एडिटर गुपचूप 'न तुटणारी जागा' ही खास खूण भरतो, म्हणजे तुम्हाला हवं तसं दिसतं. मजकूर मधोमध आणण्यासाठी स्पेसबार दाबत सुटलात तर लॅपटॉपवर तो मधोमध येईल आणि फोनवर भलत्याच ठिकाणी तुटेल. मधोमध आणायला बटण आहे, ते वापरा.

वर्डमधून मजकूर आणताना नेहमीचं पेस्ट टाळा. वर्ड मजकुराबरोबर स्वतःच्या खुणांचं बोचकं पाठवतो. कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकत्र दाबलं की फक्त शब्द येतात.

ही सगळी शिस्त तपासायचा सोपा मार्ग कंपोझरच्या तळाशी आहे. तिथल्या टॅबांपैकी एक दिसणारं पान दाखवतो आणि एक मूळ एचटीएमएल. एक शीर्षक लिहिलं की दुसऱ्या टॅबवर जाऊन बघा. 'एच' आणि 'एक' अशी खूण शब्दांच्या आधी आणि नंतर दिसली की झालं. परिच्छेदाला 'पी' दिसेल, दुव्याला 'ए', यादीतल्या प्रत्येक ओळीला 'एलआय'. अशा दहाएक खुणा ओळखता आल्या तरी पुरे. लिहिता यायला हव्यात असं नाही, वाचता याव्यात.

## माझ्याकडे फोटो दिसतो, इतरांना का नाही?

सुरुवात करणाऱ्यांचा हा सर्वांत सामान्य प्रश्न. उत्तर पुन्हा फाइलीत आहे. सेव्ह न केलेल्या पानात तुम्ही फोटो घातलात की पान नेमकं कुठं आहे ते एडिटरला माहीत नसतं. मग तो फोटोचा पूर्ण पत्ता लिहितो: सी ड्राइव्ह, युजर्स, तुमचं नाव, डेस्कटॉप, अमुक फाइल. नागपूरच्या पाहुण्याला 'आमच्या कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात बघा' असं पत्रानं कळवावं, तसं हे झालं. तो बिचारा आपल्या घरातलं कपाट उघडून बघणार. त्याच्या ब्राउझरनंही त्याच्या संगणकावर शोधलं तर फोटो मिळणार नाही, आणि सुरक्षेसाठी ब्राउझर तिथं शोधतही नाही.

हवा तो सापेक्ष पत्ता: 'हे पान जिथं आहे तिथल्याच फोटोंच्या फोल्डरातली अमुक फाइल'. फोल्डर लॅपटॉपवर असो वा सर्व्हरवर, हा पत्ता खराच राहतो. कंपोझरच्या फोटो घालायच्या खिडकीत यासाठी चौकट आहे: पत्ता पानाच्या जागेपासून मोजा. पान सेव्ह केलेलं नसेल तर ती चौकट वापरता येत नाही. म्हणून कोरं पान आधी सेव्ह करायचं.

त्याच खिडकीत पर्यायी मजकूर मागितला जातो. फोटो उघडला नाही किंवा पान ऐकणारी व्यक्ती तो पाहू शकत नसेल, तर त्याऐवजी हे शब्द येतात. 'फोटो १' लिहून सुटका करून घेऊ नका. 'अंगणातून दिसणारा सुवर्णदुर्ग' असं लिहा.

आता वजन. आजकालच्या फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो आणि काही एमबी भरतो. एडिटरमध्ये त्याचा कोपरा धरून तो तळहाताएवढा केला की माणसाला वाटतं फोटो लहान झाला. फाइलीत फक्त 'इतक्या रुंदीत दाखव' अशी सूचना गेली. मूळ फोटो तेवढाच राहिला. पाहुण्याचा फोन तो सगळा उतरवून घेतो आणि मग लहान करून दाखवतो. आंबेनळी घाटात एका दांडीच्या नेटवर्कवर असलेला माणूस असे आठ फोटो उघडायची वाट बघत बसणार नाही. पानात घालण्याआधी कुठल्याही फोटो-सॉफ्टवेअरमध्ये रुंदी १२०० ते १६०० ठिपक्यांवर आणा. दिसण्यात फरक कळत नाही आणि वजन दशांशावर येतं. फोनच्या फोटोत कधी कधी तो कुठं काढला ते अक्षांश-रेखांशही दडलेले असतात. निवासाच्या फोटोचं ठीक आहे, नातवंडांच्या फोटोतून मात्र ते काढून टाकावेत.

## मराठीचं काय होतं

इंग्रजी साइट करणाऱ्याला न येणाऱ्या अडचणी आपल्याला येतात. त्या इथं जरा सविस्तर.

संगणक अक्षरं आकड्यांच्या रूपात साठवतो. कुठल्या अक्षराला कुठला आकडा याची जगभरची एक यादी म्हणजे युनिकोड. देवनागरी तिच्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. ते आकडे फाइलीत लिहायच्या सर्वमान्य पद्धतीचं नाव यूटीएफ-८. यात प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. ही फाइल यूटीएफ-८ आहे असं ब्राउझरला कळलं नाही आणि त्यानं जुनी युरोपीय पद्धत धरली, तर प्रत्येक बाइट त्याला एकेक अक्षर वाटतो. पाच चिन्हांच्या जागी पंधरा विचित्र खुणा येतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मध्येच जपानी येनचं चिन्ह. असा कचरा दिसला तर टाइप केलेलं बिघडलेलं नसतं. पानाच्या माथ्यावर 'कॅरेक्टर सेट यूटीएफ-८' ही ओळ नसते किंवा एडिटरनं फाइल भलत्या पद्धतीनं सेव्ह केलेली असते. कंपोझरमध्ये पानाच्या गुणधर्मांत आणि सेव्ह करताना हे तपासा.

दुसरी गोष्ट, जुना मजकूर. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, कृतिदेवसारखे फॉन्ट यांत वर्षानुवर्षं टाइप झालेला मराठी मजकूर कित्येकांकडे आहे: संस्थेची घटना, स्मरणिका, जुनी माहितीपत्रकं. त्या फाइलींत बहुधा देवनागरी नसतेच. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि फॉन्ट त्यांना मराठीचा पोशाख चढवतो. एडिटरमध्ये पेस्ट करून तोच फॉन्ट लावला की तुमच्या संगणकावर छान मराठी दिसतं. तो फॉन्ट नसलेल्या प्रत्येक माणसाला इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो आणि गूगलला त्यात मराठीचा एक शब्द सापडत नाही. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा आणि बदलल्यावर जोडाक्षरं नजरेखालून घालायची; रूपांतरात र्‍हस्व वेलांटी आणि रफार हमखास चुकतात.

तिसरी गोष्ट बहुतेक मराठी साइटवाले विसरतात. पानाच्या सुरुवातीच्या खुणेत भाषा लिहायची असते. मराठीचा संकेत 'एमआर'. एडिटर तिथं इंग्रजी लिहून मोकळा होतो किंवा काहीच लिहीत नाही. संकेत बरोबर असेल तर स्क्रीन रीडर मराठी उच्चार निवडू शकतो, आणि ज्या फॉन्टांत तशी सोय केलेली आहे ते 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे दाखवतात, हिंदी वळणाचे नाहीत.

फॉन्ट निवडताना मुंबईच्या एक टाइपचा मुक्त किंवा गूगलचा नोटो सान्स देवनागरी घ्या. दोन्ही मोफत आहेत आणि वेबवरूनच पानाला जोडता येतात, म्हणजे पाहुण्याकडे फॉन्ट असायची गरज नाही. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा सढळ ठेवा. वर मात्रा, खाली उकार, त्यांना जागा लागते. अक्षरांमधलं अंतर वाढवायच्या नादी लागू नका, शिरोरेषा तुटते. आणि दोन्ही कडा सरळ करायचं बटण मराठीला लावू नका. आपले शब्द लांब, फोनची ओळ आखूड; शब्दांमध्ये खिंडारं पडतात.

## फोनवर सगळं बारीक का दिसतं

पाहुणा तुमचं पान बहुधा फोनवरच बघणार आहे. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा बहुतेक साइट संगणकाच्या रुंदीच्या होत्या. म्हणून अॅपलनं अशी तोड काढली की फोननं पान रुंद पडद्यावर असल्यासारखं मांडायचं आणि मग आकसून दाखवायचं. ज्या पानाला फोनच्या खऱ्या रुंदीत बसायचं आहे त्यानं तसं सांगावं. सांगायची ती ओळ म्हणजे व्ह्यूपोर्टची ओळ, पानाच्या माथ्यावरची. फोनचे ब्राउझर आजही तसंच वागतात. कंपोझरसारखे जुन्या वळणाचे एडिटर ही ओळ स्वतःहून घालत नाहीत. मूळ एचटीएमएलच्या टॅबवर जाऊन ती एकदा चिकटवावी लागते. अशा वेळी चॅटजीपीटी खरा कामाचा: 'व्ह्यूपोर्टची ओळ दे आणि ती कुठं घालू ते सांग' एवढंच विचारा.

बाकी पथ्यं थोडी आहेत. रुंदी ठिपक्यांत न देता टक्क्यांत द्या. दोन रकाने करण्यासाठी टेबल वापरू नका. ते खोल्यांच्या भाड्याच्या तक्त्यासाठी ठेवा. काही एडिटरांत मजकुराची चौकट उचलून पानावर कुठंही ठेवता येते. हात शिवशिवतात, पण ती चौकट तिथंच खिळली जाते आणि लहान पडद्यावर चौकटी एकमेकींवर चढतात.

## साइट लोकांपर्यंत कशी जाते

तुमचा लॅपटॉप बंद असतानाही फाइली मिळाव्यात म्हणून त्या सतत चालू असलेल्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर ठेवायच्या. ही जागा देणं म्हणजे होस्टिंग. तीन पानांच्या साइटला ते फुकट मिळतं. गिटहब पेजेस आहे, निओसिटीज आहे, आणि नेटलिफायच्या 'ड्रॉप' पानावर तर अख्खं फोल्डर माऊसनं ओढून सोडलं की साइट सुरू होते. नीट बांधलेल्या फोल्डरचा फायदा इथं दिसतो.

नाव मात्र स्वतःचं विकत घ्यावं. 'डॉट इन' किंवा 'डॉट कॉम' नाव वर्षाच्या भाड्यानं मिळतं. पहिल्या वर्षाच्या सवलतीला न भुलता नूतनीकरणाचा दर बघा. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' नावंही मिळतात. आत ती इंग्रजी अक्षरांच्या एका सांकेतिक रूपात साठवली जातात आणि काही ठिकाणी तेच बोजड रूप समोर येतं. दुसरं नाव म्हणून घ्यायला हरकत नाही, एकमेव म्हणून नको.

साइट कुणाकडून करून घेतलीत तरी डोमेनची, म्हणजे साइटच्या या नावाची, नोंद तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर आहे ना, ते आधी बघा. साइट करून देणारा मुलगा नोकरीला बेंगळुरूला गेला, फोन उचलत नाही आणि नाव त्याच्या खात्यात, अशा संस्था गावोगावी सापडतील.

## चौकशीचा फॉर्म चालत का नाही?

एडिटरमध्ये फॉर्मची चौकट सहज काढता येते. पाहुण्यानं भरून बटण दाबलं की मात्र काहीच होत नाही, कारण भरलेली माहिती घेऊन पुढे पाठवणारा प्रोग्रॅम सर्व्हरवर लागतो आणि तुमची साइट म्हणजे नुसत्या फाइली. यासाठी वेगळ्या सेवा आहेत, पण निवासाला त्यांची गरज नाही. फोन नंबरालाच दुवा करा. दुव्याच्या पत्त्यात 'टेल', विसर्गासारखी दोन टिंबं आणि नंबर लिहिला की बोट ठेवताच फोन लागतो. वॉट्सॲपचाही असाच दुवा होतो: डब्ल्यूए डॉट एमई, तिरकी रेघ, मग ९१ आणि नंबर, अधिकचं चिन्ह न घालता. आपल्याकडचा पाहुणा फॉर्म भरण्यापेक्षा 'शनिवारी दोन खोल्या आहेत का?' असंच विचारतो.

## फेसबुक आणि गूगल मॅप्स असताना हे कशाला?

ते असू द्यावंच. पाहुणे तिथूनच येतात. पण तिथलं पान तुमचं नसतं. गूगलनं व्यवसायाच्या नोंदीबरोबर फुकट छोटी साइट द्यायची सोय केली होती आणि असंख्य दुकानदार तिच्यावर विसंबून होते. २०२४ च्या मार्चमध्ये गूगलनं ती बंद केली. त्याआधी २००९ मध्ये याहूनं जिओसिटीज बंद केलं, तेव्हा लाखो लोकांची हौसेनं केलेली पानं त्याबरोबर गेली. तुमच्या फोल्डरात फाइली असतील तर होस्टिंगवाला उद्या बंद झाला तरी परवा त्याच फाइली दुसरीकडे चढवता येतात. नाव तेच, पाहुण्याला काही बदललं हे कळतही नाही.

## एआय सगळं लिहीत असेल तर एडिटर हवा कशाला?

पहिला मसुदा एआयकडून घ्यायला माझी ना नाही. तो शीर्षकाच्या खुणा, व्ह्यूपोर्ट, यूटीएफ-८ हे बहुधा बरोबर घालतो, म्हणजे जुन्या एडिटरपेक्षा सुरुवात चांगली होते. अडचण नंतर येते. सुरमईच्या थाळीचा भाव बदलायचा म्हणून अख्खं पान पुन्हा त्याच्याकडून लिहून घेतलं, की तो भाव बदलतो आणि जाता जाता खेड स्टेशनपासूनचं अंतर किंवा चहाची वेळही स्वतःच्या मनानं सुधारतो. मराठी वाक्यंही दर वेळी थोडी थोडी गुळगुळीत होत जातात. एडिटरमध्ये तुम्ही आकड्यावर जाता, तो बदलता, सेव्ह करता. बाकी काही हलत नाही.

एक खबरदारी घ्या. एआयनं दिलेलं पान कंपोझरसारख्या एडिटरमध्ये उघडण्याआधी फाइलीची प्रत काढून ठेवा. काही एडिटर त्यांना न कळणाऱ्या नव्या खुणा सेव्ह करताना मोडतात किंवा फिरवून लिहितात. उघडा, काही न बदलता दुसऱ्या नावानं सेव्ह करा आणि दोन्ही फाइली ब्राउझरमध्ये शेजारी शेजारी बघा. सारख्या दिसल्या तर कामाला लागा. नाही दिसल्या तर ते पान नोटपॅडमध्ये उघडा, कंट्रोल आणि एफ दाबून जुना आकडा शोधा आणि तिथंच नवा लिहा.